वेळ काय टाकू?



बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. आधी डोळ्याचं ऑपरेशन, मग लांबलेला पाऊस, मग दिवाळी. दोघातिघांनी फोन करून विचारलं, "सर, लिहिणं सोडलंत की काय?" सोडलं नव्हतं. एक विषय डोक्यात होता, पण तो लिहावा की नाही हे ठरत नव्हतं. आता ठरलंय.

विषय असा आहे की नुसता वाचूनच निम्मी मंडळी पान बंद करतील. संगणक चालू होताना त्याच्या पोटात सुरक्षेची आणि कुलूपकिल्ल्यांची कामं कोणत्या क्रमाने जागी होतात, हा तो विषय! मी मराठी माध्यमाचा बी. ए., जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, कोणी रजेवर असलं की गणिताचे ऑफ तास घेतले. माझा ह्याच्याशी काय संबंध? हसू नका. मला ह्यातून दुसरंच काही सांगायचं आहे, पण तिथे जायची वाट इथूनच आहे.

तर झालं असं. दिवाळीला नात आली होती. बारामतीला विद्या प्रतिष्ठानच्या कॉलेजात इंजिनियर झाली, आता हिंजवडीला नोकरी करते. येताना कामही घेऊन आली. पंजाएवढा एक हिरवा बोर्ड, त्याला वायरी, आणि त्याच्यावर बोटाच्या पेराएवढी आणखी एक चिप बसवलेली. हा सगळा पसारा डायनिंग टेबलवर चकलीच्या डब्याशेजारी. आमच्या हिनं दोनदा डबा हलवला, दोनदा पसारा पुन्हा डब्यापाशी आला.

हल्ली मला रात्री झोप कमी. आमच्या सोमेश्वरनगरात हंगाम सुरू झाला की तशीही रात्र रात्रीसारखी राहत नाही. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जात असतात, कारखान्याच्या दिव्यांनी आभाळ पिवळं दिसतं, आणि उसाच्या रसाचा तो गोडसर उग्र वास घरभर. बारा वाजता पाणी प्यायला उठलो, तर पोरगी टेबलाशी बसलेली. स्क्रीनवर काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं धबधब्यासारखी खाली येत होती. एका ओळीपाशी तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "ही ओळ, आबा. तीन दिवस झाले, ही जात नाही."

मी चष्मा लावून वाचलं. नो टीपीएम चिप फाउंड, अॅक्टिव्हेटिंग टीपीएम-बायपास.

बायपास म्हटलं की आमच्या वयाच्या माणसाचा हात आधी छातीवर जातो. म्हटलं, "अगं, कोणाचं बायपास?" ती हसली आणि खुर्ची सरकवून दिली. पुढचे दोन तास माझी शिकवणी झाली.

संगणकाच्या मुळाशी एक कर्नल नावाचा कार्यक्रम असतो. (मला आधी फौजेतलाच वाटला.) कर्नल म्हणजे गाभा. बटण दाबल्यावर हा गाभा आधी स्वतः उभा राहतो आणि मग बाकीच्यांना उठवतो. पण एकदम सगळ्यांना नाही. लिनक्स नावाचा जो गाभा तिच्या बोर्डावर होता, त्यात उठण्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. अगदी आधीचे, मग गाभ्याचे, गाभ्यानंतरचे, यंत्ररचनेचे, उपव्यवस्थांचे, फायलींचे, उपकरणांचे आणि सगळ्यात शेवटी उशिराचे. एकाच पायरीवर दहा जण असले, तर ज्या क्रमाने ते कार्यक्रम एकत्र जोडले असतील त्या क्रमाने. म्हणजे हजेरीपटच! आणि कोणाला काय करायची परवानगी आहे हे पाहणारे पहारेकरी ह्या सगळ्या पायऱ्यांच्याही आधी उभे केले जातात. त्यातल्या एकाला तर 2019 साली आणखी अलीकडे आणलं, कारण चालू करताना दिलेल्या काही सूचना तो उभा राहायच्या आतच पाळल्या जात होत्या. शाळेचा शिपाई घंटेच्या आधी फाटकावर हवा, तसंच ते.

क्रमाचं महत्त्व इथल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. हंगामाआधी आमच्या सोमेश्वर कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. आधी बॉयलरमध्ये पाणी, मग अग्नी, मग वाफ, वाफेवर टर्बाइन, आणि मग मिल. पाण्याच्या आधी अग्नी दिला तर काय होईल हे शाळेतलं पोरही सांगेल. मी नातीला तसं म्हटलं. ती म्हणाली, "आबा, बॉयलरचं सोपं आहे. चुकलं तर फुटतो, म्हणजे चुकलं हे कळतं. आमच्याकडे चुकलं तरी सगळं व्यवस्थित चालू होतं."

ह्या वाक्याशी मी थोडा थांबलो.

तिच्या बोर्डावर बसवलेली ती छोटी चिप म्हणजे टीपीएम. तिचं काम साक्षीदाराचं. गाभ्यात एक मोजणीदार असतो (हा लिनक्समध्ये 2009 साली आला). तो प्रत्येक कार्यक्रम चालू होण्याआधी त्याचा ठसा घेतो, यादीत लिहितो आणि त्या चिपेला कळवतो. चिप तो ठसा आपल्या जवळच्या आकड्यात मिसळून नवा आकडा करते. जुन्या खतावणीत 'मागील पानावरून पुढे' अशी बेरीज नेतात ना, तशी. मधलं एक पान बदललं तरी शेवटची बेरीज जुळत नाही. आणि चिपेतला आकडा मागे फिरवता येत नाही, यंत्र बंद करून पुन्हा चालू करेपर्यंत. म्हणजे यादी गाभ्याकडे आणि बेरीज तिऱ्हाइताकडे.

हे सगळं कार्यक्रम चालू होण्याआधी व्हायला हवं, नंतर नाही. हे मात्र मी तिला समजावलं. म्हटलं, उसाची गाडी आधी काट्यावर येते, मग गव्हाणीकडे जाते. भरलेली गाडी जोखायची, ऊस उतरवायचा, रिकामी गाडी पुन्हा जोखायची, आणि वजाबाकी म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. काटा बंद असताना गाडी तशीच गव्हाणीत खाली केली, तर त्या उसाचं वजन नंतर ब्रह्मदेव आला तरी सांगू शकणार नाही. त्याचा रस झालेला असतो. नात म्हणाली, "हेच. अगदी हेच."

आता तिची अडचण. मोजणीदाराला मुद्दाम शेवटच्या पायरीवर, 'उशिराचे' ह्यात ठेवलंय, कारण तोवर चिप जागी झालेली असावी. पण तिच्या बोर्डावर चिप एका वायरीच्या पलीकडे, त्या वायरीचा चालक आधी उठायला हवा, आणि वायरीला ठोके देणारं घड्याळ त्याच्याही आधी. घड्याळ उठलं उशिरा. चालक आला, घड्याळ नाही बघून 'नंतर येतो' म्हणून परत गेला. तेवढ्यात मोजणीदार उठला, साक्षीदार कुठे म्हणून पाहिलं, कोणी नाही. मग त्यानं काय केलं? थांबला नाही. 'साक्षीदार सापडला नाही, त्याच्यावाचून पुढे जातोय' अशी ओळ लिहिली आणि कामाला लागला. यादी तो लिहीतच होता. पण ती बेरीज ठेवणारं बाहेरचं कोणी नव्हतं, म्हणजे यादीत नंतर कोणी खाडाखोड केली तर ओळखणार कोण?

मी विचारलं, "मग थांबत का नाही तो? पाच मिनिटं थांबला तर काय बिघडतं?"

त्यावर तिनं 2019 सालची एक गोष्ट सांगितली. संगणकाला किल्ल्या बनवायला कोणाला ओळखता येणार नाहीत असे आकडे लागतात. ते तो बाहेरच्या गडबडीतून गोळा करतो. कोणी कळ कधी दाबली, डिस्कवरून वाचून कधी आलं, ह्यांच्या सूक्ष्म वेळांमधून. त्या वर्षी लिनक्समध्ये डिस्कचं वाचन कमी करणारी एक चांगली सुधारणा केली होती. वाचन कमी, म्हणून गडबड कमी, म्हणून आकडे कमी. एका संगणकावर चालू होतानाच एका कार्यक्रमाने असे आकडे मागितले आणि ते मिळेपर्यंत वाट बघत बसला. तो वाट बघतोय म्हणून पुढे काही हलेना, आणि पुढे काही हलेना म्हणून आकडे मिळेनात. यंत्र तिथेच अडकून पडलं. शेवटी लिनक्सच्या कर्त्यांनी, लिनस टोरवाल्ड्स ह्यांनी, 5.3 ही आवृत्ती निघता निघता ती चांगली सुधारणाच तात्पुरती मागे घेतली. पुढच्या आवृत्तीत गाभा स्वतःच्याच ठोक्यांमधल्या कमीजास्तातून आकडे तयार करायला शिकला.

आणि न थांबता पुढे गेलं तर? ती गोष्ट 2012 ची. अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरच्या यंत्रांच्या उघड्या किल्ल्या गोळा करून एकमेकींशी ताडून पाहिल्या. कारखान्यातून नवीकोरी आलेली छोटी यंत्रं पहिल्यांदा चालू होतात तेव्हा सगळीच सारखी, तान्ह्या जुळ्यांसारखी. पुरेशी गडबड गोळा व्हायच्या आत त्यांनी किल्ल्या बनवल्या होत्या, त्यामुळे वेगवेगळ्या यंत्रांच्या किल्ल्यांमध्ये एक मूळ संख्या सारखीच निघाली. आता गणिताचा ऑफ तास आठवा. 77 चे अवयव पाडायला क्षणभर विचार करावा लागतो, 91 चे पाडायलाही. पण दोन्ही शेजारी ठेवून मसावि काढला की 7 हाती येतो, आणि मग 11 नि 13 आपोआप. त्यांनी हेच केलं, फक्त शेकडो आकडी संख्यांवर. हजारो यंत्रांच्या गुप्त किल्ल्या मसाविने उघडल्या! सहावीतलं गणित. ती यंत्रं बिघडलेली नव्हती, छान चालत होती.

म्हणजे थांबलं तरी पंचाईत, न थांबलं तरी पंचाईत. नात म्हणाली की म्हणूनच हे सगळे लोक क्रमावर इतकं भांडतात. 2019 मध्येच आणखी एक फेरफार झाला, तो मला मास्तर म्हणून आवडला. गुप्तलेखनाच्या रीती एकाच कामासाठी दोन प्रकारच्या असतात, एक साधी सावकाश आणि एक खास त्या यंत्रासाठी बनवलेली झटपट. झटपट रीत दाखल होताना तिची परीक्षा घेतात, आणि तिची उत्तरं साध्या रीतीच्या उत्तरांशी ताडता यावीत म्हणून साध्या रीतीला वरच्या पायरीवर आणून आधी उठवायला लागले. नमुना उत्तरपत्रिका आल्याशिवाय पेपर तपासायला बसायचं नाही, हे आम्ही कधीपासून सांगतोय.

असो. हे सगळं ऐकताना माझं लक्ष त्या ओळीकडेच होतं. साक्षीदार सापडला नाही, त्याच्यावाचून पुढे जातोय.

आता जे लिहायचं होतं ते लिहितो. घरातही मी हे कधी सांगितलेलं नाही.

2003 सालची गोष्ट. माझ्या नोकरीत बदल्या पुष्कळ झाल्या, ही शाळा कोणती ते सांगत नाही. आमच्याकडे दहावीचं केंद्र होतं आणि मी केंद्रसंचालक. बीजगणिताचा पेपर, अकराला सुरू. प्रश्नपत्रिकांची सीलबंद पाकिटं सकाळी जीपने यायची. ती दोन साक्षीदारांसमोर तपासायची, सील शाबूत आहे ना, विषय तोच आहे ना ते बघायचं, मग उघडायची, आणि पाकिटावर उघडल्याची वेळ टाकून साक्षीदारांनी सह्या करायच्या. विषय आधी वाचण्याला फार अर्थ असतो. चुकून परवाच्या भूमितीचं पाकीट फोडलं तर ते पुन्हा चिकटवता येत नाही.

त्या दिवशी जीप पंक्चर झाली. पाकिटं हातात आली तेव्हा दहा पस्तीस झाले होते. एक साक्षीदार फाटकावर पालकांशी हुज्जत घालत होते. दुसऱ्या साक्षीदार बाई, शिक्षणसेवक म्हणून नुकत्याच लागलेल्या, त्या एका चक्कर आलेल्या मुलीजवळ बसल्या होत्या. मी पाच मिनिटं वाट पाहिली. पाच मिनिटं तेव्हा फार वाटली. मग खोलीत एकट्याने, ब्लेडने, नऊच्या नऊ पाकिटं उघडली. सील सगळी शाबूत होती. विषय बरोबर होता. मी स्वतः पाहिलं. पण मी पाहिलं म्हणजे काय? उघडणारा मीच, आणि शाबूत होतं म्हणणारा मीच.

दहा पन्नासला बाई धावत आल्या. टेबलाकडे पाहून म्हणाल्या, "सर, ही तर उघडलेली आहेत."

मी म्हणालो, "हो, वेळ नव्हता. सह्या करा."

त्यांनी पेन घेतलं. पहिल्या पाकिटावर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वेळ काय टाकू?"

मी सांगितलं, "दहा पन्नास टाका."

त्यांनी टाकली. फाटकावरचे सर आले, त्यांनी बोलतबोलत सह्या केल्या, त्यांच्या लक्षातही आलं नाही. पेपर अकराला सुरू झाला. पुढे कसली तक्रार नाही, चौकशी नाही, काही नाही. त्या वर्षी केंद्राचं काम उत्तम झालं म्हणून माझं कौतुकही झालं.

बाईंची तेव्हा नोकरी कच्ची होती. मी नाही म्हणायला जागाच ठेवली नव्हती, हे मला तेव्हा कळत होतं. नंतर त्या कायम झाल्या. त्यांचा गोपनीय अहवाल माझ्याच हाताने गेला. सचोटीच्या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं. लिहिताना पेन जरा अडलं, पण लिहिलं. खोटं नव्हतंच ते.

रात्री दोन वाजता हे मी नातीला सांगितलं. माझ्या मनात होतं की ती म्हणेल, जाऊ द्या आबा, पोरांचा पेपर वेळेवर झाला ना. तसं ती काही म्हणाली नाही. थोड्या वेळाने एवढंच विचारलं, "मग खरंच का नाही लिहिलं? दहा चाळीसला, साक्षीदार नव्हते, मी एकट्याने उघडली."

मी म्हटलं, "कारणे दाखवा नोटीस आली असती."

"आली असती," ती म्हणाली. आणि पुन्हा स्क्रीनकडे वळली.

मी तिथेच बसून राहिलो. थांबणं शक्य नव्हतं, हे मला आजही पटतं. बाहेर दोनशे मुलं बसली होती, दर मार्चला जीप वेळेवर येईलच असं नसतं. पुढे जाणं चुकलं असं मी मानत नाही. पण त्या पंजाएवढ्या बोर्डाने जी ओळ लिहिली, ती मला लिहिता आली नाही. मी उलट साक्षीदार नंतर आणला आणि तो आधी होता असं त्याच्याकडूनच लिहून घेतलं. कोणी ती पाकिटं नंतर काढून पाहिली असती तर त्याला सगळं यथासांग दिसलं असतं.

पहाटे चारच्या सुमाराला नातीनं हाक मारली. तिनं घड्याळाला वरच्या पायरीवर नेलं होतं, आणि वायरीचे नि चिपेचे चालक बाहेरून नंतर बोलवण्याऐवजी गाभ्यातच बांधून टाकले होते. बोर्ड पुन्हा चालू केला. अक्षरांचा धबधबा आला नि गेला. बायपासची ओळ नव्हती. तिनं खात्री करायला आणखी चार वेळा बंद-चालू केला, मग चकली खाल्ली आणि दहा वाजेपर्यंत झोपली.

हे इथे टाकण्याआधी बाईंना विचारणं भाग होतं. त्या आता इंदापूर तालुक्यात असतात, मुलं मोठी झाली आहेत. नंबर शोधून फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी तो दिवस काढला, नि लिहू का म्हणून विचारलं. बाई जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "लिहा सर. फक्त शाळेचं नाव नको." मी वाचून दाखवायला लागलो. ब्लेडपाशी आलो तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"नऊ नव्हती सर. अकरा होती पाकिटं. अकरा सह्या केल्या मी."

वर नऊ लिहिलंय ते खोडत नाही. अकरा वाचावं.